शिवणाच्या तासाला दोन संघ

आमच्या पेठेत कुठल्याच गोष्टीचे दोन भाग करू नयेत. शाळेच्या मोठ्या बाई आजऱ्याकडच्या, बदली होऊन नुकत्याच आलेल्या, त्यांना हे कुणी सांगितलंच नव्हतं. इथं एकाच गल्लीची डावी कड एका फुटबॉल संघाची असते आणि उजवी कड दुसऱ्याची, हे त्यांना कसं ठाऊक असणार? लग्नात समोरासमोर दोन पंगती बसल्या तर कुठल्या पंगतीत आमटीची बादली आधी रिकामी होते यावर आमची पोरं शिट्ट्या मारतात. अशा ठिकाणी बाईंनी शिवणाच्या तासाचे दोन भाग केले. त्यातला एक माझा होता.

पण त्याआधी मी एकटीच होते. ते दिवस आठवले की अजून बरं वाटतं, म्हणून तिथूनच सुरू करते.

माझं घर शाळेच्या समोर. मध्ये फक्त गल्ली. दारातच माझी मशीन आहे, तिच्यावर बसलं की शाळेचा व्हरांडा दिसतो. मी शिकले चौथीपर्यंत. शिवण तर मला कुणीच शिकवलं नाही. सून म्हणून पेठेत आले तेव्हा घरच्यांचे कपडे शिंप्याकडे टाकायला मी जायची आणि "जरा सावलीला थांबते" असं म्हणून त्याचे हात बघत उभी राहायची. तेवढ्यावर ब्लाउज आले, परकर आले, तालमीतल्या पैलवानांचे लंगोटसुद्धा आले. चौदा एप्रिलची जयंती जवळ आली की आमच्या बायकांचे पांढरे ब्लाउज इतके येऊन पडतात, की माझा मुलगा म्हणतो, "आई, आपण आता बाहेर कट्ट्यावर जेवूया."

तर मोठ्या बाई एकदा ब्लाउजाचं माप द्यायला आल्या होत्या. हात वर करून उभ्या होत्या, तशाच बोलायला लागल्या.

"आजी, काय सांगू तुम्हाला! सहावी-सातवीची मुलं, पण शर्टाचं बटण तुटलं की स्टेपलरनं पिन मारून येतात. काल एकाच्या पोटाला टोचली."

"आणि आया काय करत्यात त्यांच्या?"

"आयांनाच येत नाही. खरं सांगू? मलाही येत नाही."

"मग शाळेत शिकवा की!"

"तेच विचारायचं होतं. शनिवारची सकाळची शाळा सुटली की तासभर तुम्ही याल का? ज्यांना शिकायचंय ती मुलं थांबतील."

त्या दिवशी मी बाईंच्या बाहीचं माप दोनदा घेतलं आणि दोन्ही वेळा वेगळं आलं.

चौथी शिकलेली बाई मास्तरीण झाली म्हटल्यावर मी गप्प कशी बसणार! भाजीवालीला सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं, लाइटचं मीटर बघायला आलेल्या पोराला सांगितलं. सून म्हणाली, "आत्या, आता मांजराला तेवढं सांगायचं राहिलंय."

पहिल्या शनिवारी एक धिप्पाड पोरगा पहिल्या बाकावर येऊन बसला. शाळेच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर. बोटांना चिकटपट्ट्या लावलेल्या.

"आजी, तुम्ही लंगोट शिवता म्हणं?"

"शिवते की. तुला पायजे व्हय?"

झालं, वर्गानं डोक्यावर घेतला वर्ग. पण तो पोरगा लाजला नाही, बोटं पुढं करून म्हणाला, "नगं, मला आधी सुईत दोरा घालायला शिकवा. एवढ्या जाड बोटांनी जमंल का?" मी म्हटलं, "पैलवानांची मापं घेतल्यात मी. तुझी बोटं काय घेऊन बसलास." त्या दिवसापासून तो माझा.

त्या पहिल्या महिन्यात मी जेवढी सुखी होते, तेवढी मी माझ्या लग्नातसुद्धा नव्हते. लग्नात चपला लागत होत्या. इथं मी व्हरांड्यातून चालले की दोन्ही बाजूंनी "आजी, आजी" व्हायचं. बटण, हूक, सुटलेली कड, फाटलेला खिसा, जर्सीचा काखेत गेलेला टाका, असं रोज लागणारं मी शिकवत होते. माझी नातही त्याच शाळेत सातवीत. तीसुद्धा थांबायची. वर्गात मला "आजी" म्हणायचं का "बाई" म्हणायचं ते तिला कळायचं नाही, म्हणून ती काहीच म्हणायची नाही, नुसतं "अगं" म्हणायची.

मग गणपती झाले आणि पोरं वाढली. एका वर्गात मावेनात. तेव्हा मोठ्या बाई दुसरी शिकवणारी घेऊन आल्या.

ती राधानगरीकडची, लग्न होऊन पेठेतच आलेली. शिवणकामाचा कोर्स केलेली. वय असेल तिशीच्या थोडं पुढं. गळ्यात टेप असा टाकलेला, की माझ्या सुनेच्या गळ्यात मंगळसूत्रही तसं बसत नाही. सोबत एक डबा, त्याला मजले. वर सुया, मध्ये दोरे, तेही फिक्क्यापासून गडदपर्यंत ओळीनं लावलेले, खाली रंगीत डोक्यांच्या टाचण्या. मी माझं चिंध्यांचं गाठोडं पायानं बाकाखाली सारलं.

ती आली आणि वाकून माझ्या पाया पडली. "काकी, तुम्ही असताना मी काय शिकवणार? मी आपली तुमच्या हाताखाली."

घ्या! इतकं गोड बोलली की भांडायलासुद्धा जागा ठेवली नाही. मला एखादी तुसडी, नाक वर करून चालणारी मिळाली असती तर किती बरं झालं असतं. मी चार घरी जाऊन सांगितलं असतं. हिचं काय सांगणार? पाया पडली म्हणून?

बाईंनी मुलं वाटली. खिडकीकडची रांग आजींकडं, भिंतीकडची रांग मॅडमकडं. मॅडम समोरच्या वर्गात. माझी नात भिंतीकडच्या रांगेत बसायची, तिची मैत्रीण तिथं होती म्हणून. ती उठली आणि पिशवी घेऊन मॅडमच्या मागनं गेली. जाताना तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मी खिडकीकडच्या रांगेला म्हटलं, "बसा, काय बघताय," पण बघत मीच होते.

आता खोटं कशाला बोलू, माझ्या पोटात दुखायला लागलं. सून ओव्याचं पाणी देत होती, पण ते दुखणं ओव्याचं नव्हतं. व्हरांड्यातला पाण्याचा माठ मॅडमच्या वर्गाच्या दाराशी होता. त्या महिन्यात मला फार तहान लागायची. एका तासात चार-पाच फेऱ्या व्हायच्या. गोलकीपर म्हणाला, "आजी, साखर तपासून घ्या. आमच्या आज्ज्याला अशीच तहान लागायची."

आणि माठापाशी उभी राहून मी काय बघायची? की ती पोरांना पहिल्याच दिवशी वस्तू करायला देते. नवं कापड, त्यावर फूल, बाजूनं नाडी, झाली पेन्सिलींची पिशवी. तिचा वर्ग सुटला की पोरं हातात पिशव्या नाचवत बाहेर यायची. माझा वर्ग सुटला की माझी पोरं शर्ट खोचून बाहेर यायची. नीट शिवलेला खिसा कोण दाखवत फिरणार? शिवलेलं दिसलं नाही म्हणजेच शिवण चांगली, हे मीच त्यांना शिकवलेलं. माझंच शिकवणं माझ्या आड आलं. दारात न्यायला आलेल्या आया तिच्या पोरांच्या पिशव्या हातात घेऊन "अय्या, कित्ती छान" करायच्या आणि माझ्या पोरांना म्हणायच्या, "तुमी काय केलासा रं?"

पण पेठ शेवटी पेठ आहे. तिसऱ्या-चौथ्या शनिवारी मी वर्गात गेले तर फळ्यावर लिहिलेलं, 'आजी संघ'. माझ्या गाठोड्यातल्या अस्तराच्या लाल-पिवळ्या पट्ट्या जोडून पोरांनी पताका केलेली, आणि ती काठीला व्यवस्थित हातशिलाईनं लावलेली. गोलकीपर बाकावर उभा.

"आजीचा टाकाऽऽ!"

"मॅडमला धक्का!"

समोरच्या वर्गातून लगेच उत्तर आलं. "मॅडमची कात्रीऽऽ! जिंकायची खात्री!" आणि बाकं बडवायला सुरुवात.

मोठ्या बाई धावत आल्या. "आजी, हे काय? शिवणाच्या तासाला घोषणा कशाला?"

"तुमीच दोन भाग केलासा न्हवं, बाई."

"मी जागा पुरेना म्हणून केले!"

"पेठेत तसं कुणी इचारत न्हाय. दोन दिसले की झालं."

वरवर मी पोरांवर ओरडले. पण आतून? सत्तरीला टेकलेल्या बाईच्या नावानं कुणी घोषणा देतं का कधी? माझ्या नवऱ्यानं उभ्या जन्मात मला हाक मारली ती "ए" अशी. आणि इथं वीस-पंचवीस नरडी माझ्या टाक्याचं नाव घेत होती. मी खिडकी बंद करायला उठले आणि ती जास्तच उघडून आले.

फक्त एक नरडं समोरच्या खोलीत होतं. ते मी लगेच ओळखायची. "जिंकायची खात्री"तला 'खा' सगळ्यात मोठ्यानं माझी नात म्हणायची.

एके दिवशी मी मोठ्या बाईंना सांगून तिला माझ्या वर्गात घ्यायचं ठरवलं. बाई हो म्हणाल्या. रात्री जेवताना मी विषय काढला.

"पुढच्या शनिवारपासनं तू माझ्याकडं. बाईंशी बोलले मी."

नातीनं घास खाली ठेवला. "मी न्हाय येणार."

"का गं?"

"माझा संघ तिकडं हाय."

"अगं, संघ कसला, मी तुझी आजी हाय की!"

"घरात हायेस की. तिथं तू दुसऱ्या संघाची."

मुलगा भाताकडं तोंड करून हसत होता. मी चिडले. "तू जन्मल्यापासनं घरात मशीन हाय. एकदा तरी शेजारी येऊन बसलीस का? आणि तिच्याकडं जाऊन फुलं काढत्यास!"

"तू कुठं हात लावू देतीस मशीनला? जवळ आलं की म्हणतीस, गिऱ्हाइकाचं हाय, डाग पडंल."

"मग गिऱ्हाइकाचंच असतंय ते!"

"मॅडमकडं माझं असतंय," ती म्हणाली आणि भात कालवायला लागली.

त्या रात्री मला मॅडमचा जेवढा राग आला तेवढा कधीच आला नव्हता, आणि तिनं तर काहीच केलेलं नव्हतं.

दिवाळीची सुट्टी जवळ आली तशा मोठ्या बाईंनी आम्हां दोघींना बोलावलं. दिवाळीनंतर स्कॉलरशिपचे जादा तास सुरू होणार, एक खोली त्यांना लागणार. शिवणाला एकच खोली, एकच वर्ग, शिकवणारी एकच. बाई पदराचं टोक पिळत होत्या. "आता तुमच्यातलं कोण ते मी कसं सांगू? मला वाईटपणा नको."

मॅडम लगेच म्हणाली, "काकीच असू देत की."

हे तिनं म्हणायला नको होतं. तिनं सोडलेलं मी उचलायचं? मी म्हटलं, "मला कुणी दान देऊ नका. पोरं ठरवतील."

ते दाराआड उभ्या असलेल्या कुणीतरी ऐकलं. पाच मिनिटांत शाळाभर झालं, की आजी आणि मॅडमची मॅच लागली.

बाई "मॅच कसली" म्हणून बघत राहिल्या आणि पी.टी.च्या सरांनी शिट्टी गळ्यात अडकवलीसुद्धा. ठरलं असं. दोन्हीकडनं पाच-पाच जण. प्रत्येकानं घरचा जुना शर्ट आणायचा, त्याची बटणं काढून टाकायची आणि शिट्टी झाली की ती परत लावायची, वर खालची कड दुमडून हातशिलाई करायची. एकासमोर एक, अशा पाच जोड्या. काम झालं की शिपाईमामा बटण ओढून बघणार. मामा तरुणपणी आखाड्यात उतरलेले, त्यांचं ओढणं म्हणजे ओढणं. जो संघ जिंकेल त्याच्या बाई दिवाळीनंतर शिकवणार.

मी पोरांना आठवडाभर घरी बोलावून सराव घेतला. दुहेरी दोरा, वर मेण, बटणाच्या खाली दोऱ्याचे वेढे देऊन मान करायची, मग गाठ. "मामांचा हात तुटला पायजे, बटण तुटता कामा नये," असं मी सांगत होते. आणि हे सगळं नातीला दिसू नये म्हणून मधला पडदा ओढून घेत होते. ती पडद्यापलीकडनं म्हणायची, "बघणार न्हाय मी. आमाला गरज न्हाय."

मॅचच्या दिवशी मैदान भरलं. तालमीतली पोरं भिंतीवर चढून बसलेली. कुणीतरी हलगी आणली. शिवणाला हलगी! मोठ्या बाई खुर्चीवर बसून नुसत्या इकडून तिकडं मान वळवत होत्या.

पहिल्या जोडीत आम्ही जिंकलो. त्यांच्या पोरीचं बटण मामांच्या हातातच आलं. "नाद खुळाऽऽ!" करून माझा संघ नाचला. मीसुद्धा एक हात वर केला, मग आठवलं की आपण आजी आहोत. दुसरी त्यांची. तिसऱ्या जोडीत आमच्या पोरानं बटण काजाच्या बाजूला लावलं, मग ती गेली. चौथी आमची. दोन-दोन.

शेवटच्या जोडीत माझ्याकडून गोलकीपर आणि समोरून माझी नात.

तिला शेवटाला ठेवणार हे मला माहीत नव्हतं. तिनं वेणी खोचली, बोटात अंगुस्तान घातलं. सुईचा रेटा बोटाला लागू नये म्हणून घालतात ती पत्र्याची टोपी. माझ्या घरात ते कधी नव्हतं, माझ्या बोटालाच घट्टे पडलेत. शिट्टी झाली. गोलकीपरचे हात भराभर चालले, मेणाचा दोरा खसाखसा ओढत होता. माझी नात हळू. तिला घाईच नव्हती. ती एक टाका घालायची, शर्ट उलटा करून बघायची, मग दुसरा. पोरं ओरडत होती, "लवकर, लवकर!" ती वर बघत नव्हती. मी दोघांकडं एकदम बघत होते आणि कुणी जिंकावं ते मला माझं मलाच सांगता येईना. खरं तर येत होतं. गोलकीपर जिंकावा असं वाटत होतं. माझ्या नातीनं हरावं असं मला वाटत होतं, बघा.

आधी गोलकीपर उठला. मामांनी ओढलं, बटण हललं नाही. मैदान उठलं. मग बऱ्याच वेळानं नात उठली. मामांनी तिचंही ओढलं. तेही हललं नाही. कडही दोघांची सारखी.

"वेळ बघा, वेळ!" माझी पोरं ओरडली.

सर शिट्टी तोंडात घालणार, तेवढ्यात मोठ्या बाईंनी दोन्ही शर्ट हातात घेतले आणि सहज उलटे केले. गोलकीपरच्या शर्टाला आतून दोऱ्यांचं घरटं झालेलं. गाठी, लोंबणारी टोकं. नातीचा शर्ट आतून बाहेरच्यासारखाच. कुठं सुरू झालं नि कुठं संपलं ते बाईंना बोटानं शोधावं लागलं.

मी जन्मभर गिऱ्हाइकांना सांगत आले, आतून कोण बघतंय? आणि त्या दिवशी अख्खं मैदान आतून बघत होतं.

बाईंनी नातीचा हात वर केला. हलगी वाजली. नात पळत सुटली. मी पाऊल पुढं टाकलं, हातसुद्धा थोडे उघडले. ती माझ्या बाजूनं गेली आणि मॅडमच्या कमरेला मिठी मारली.

ती कशी उभी होती ते मला आत्ताही दिसतं. तोंड मॅडमच्या पदरात आणि पाठ माझ्याकडं. मॅडमनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. तो हात ठेवायची माझी सवय आहे. मी माझा हात कुठं ठेवू ते कळेना, म्हणून पताकेची काठी धरली.

संध्याकाळी गल्लीच्या मोबाइल ग्रुपवर व्हिडिओ आला. खाली कुणीतरी लिहिलेलं, 'मॅडमनी घडवलेली पोरगी.' माझ्या घरात जन्मली, माझ्या मांडीवर वाढली, आणि घडवली मॅडमनी! मुलानं मोबाइल माझ्यापासून लपवला, पण सुनेनं दाखवला. तिलाही पोरीचं कौतुक होतं, तिचं काय चुकलं.

नात झोपायच्या आधी माझ्या पलंगापाशी आली. "रागावलीस?"

"न्हाय."

"मग बोल की."

"चांगली शिवलीस," मी म्हटलं. ते खरं होतं आणि म्हणायला फार जड गेलं.

दिवाळी झाली. पहिल्या शनिवारी शाळा सुटली तेव्हा मी मशीनवर बसले होते. व्हरांड्याकडं बघायचं नाही असं ठरवून सुईकडं बघत होते. तेवढ्यात दारात सावली पडली. गोलकीपर, त्याच्या मागं खिडकीकडची अख्खी रांग, काठीला पताका.

"तुमी इकडं कुठं? जावा की शाळेत, मॅडमकडं."

"तिकडं?" तो असा बघायला लागला, जणू मी त्याला दुसऱ्याच्या जेवणावळीत घुसायला सांगितलं. "आजी, हारल्यावर कोण संघ बदलतंय व्हय? आमी आजी संघ."

"संघ संपला रं बाबा. खोली न्हाय, शाळा न्हाय."

"कट्टा हाय की," म्हणून तो बसला. मग सगळी बसली. कट्ट्यावर, पायरीवर, दोघं स्कूटरवर. पेठेतली पोरं. हरलेल्या संघाला सोडायचं असतं हे त्यांना कुणी शिकवलेलंच नाही. मी आत जाऊन पाणी प्यायले, खरंच प्यायले, आणि डोळे पुसून बाहेर आले.

"सांगा, काय शिकायचं?"

"आतली बाजू," गोलकीपर म्हणाला. "पुढच्या मॅचला घरटं नगं."

झाली का पंचाईत! आतली बाजू मला कुठं येत होती? मी म्हटलं, "ते पुढच्या शनिवारी."

आठवडा गेला विचारात. नातीला विचारलं, "गाठ कुठं लपवत्यास गं तू?" तर ती म्हणते कशी, "आमच्या संघाचं गुपित हाय. तू मॅडमना इचार." घरात माझ्याच ताटात जेवणारी पोरगी!

शुक्रवारी भाजीच्या गाड्यावर मॅडम भेटली. वांगी निवडत होती. मी दोडक्याकडं बघत म्हटलं, "ते आतल्या बाजूचं काय करतीस गं तू?"

"एवढंच व्हय, काकी!" तिनं वांगी ठेवली, पर्समधली सुई काढली आणि तिथंच, गाड्याला टेकून, आपल्या पदराच्या टोकावर मला दाखवलं. गाठ दोन कापडांच्या मध्ये सोडायची, टोक कापण्याआधी टाक्यांखालून परत फिरवायचं. एकदा दाखवलं, परत उसवून दुसऱ्यांदा दाखवलं. भाजीवाली म्हणाली, "मलाबी दाखवा की." तिलाही दाखवलं.

मला काय खटकलं सांगू? की तिनं क्षणभरही विचार केला नाही. तिच्या जागी मी असते तर दाखवलं असतं का? नसतं. डोकं दुखतंय म्हणून घरी गेले असते. तिला गोड बोलता येतं, शिवण येतं आणि वर देताही येतं. एका बाईला सगळंच यावं का? मी दोडका न घेताच घरी आले.

दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर पोरांना आतली बाजू शिकवली. कुणाकडून शिकले ते सांगितलं नाही, आणि त्यांनी विचारलंही नाही. गोलकीपरच्या जाड बोटांना टोक टाक्याखालून फिरवता येईना, सुई भलतीकडंच निघाली आणि त्यानं शर्ट स्वतःच्या पँटला शिवून टाकला. उठायला गेला तर शर्ट बरोबर उठला. पोरं पोट धरून हसायला लागली.

समोर शाळेच्या खिडकीत माझ्या नातीचं डोकं दिसलं. ती टाचा उंचावून आमच्याकडं बघत होती.

मी पोरांना म्हटलं, "जरा मोठ्यानं हसा की रं. तिकडं ऐकू जायला पायजे."